सोलरच्या गरम पाण्याचा दाब अकरा दिवसांनी परत आला

गुरुवारच्या पाणीबंदीनंतर शुक्रवारी सकाळी कोथरूडच्या आमच्या घरात सोलरच्या नळातून नुसती हवा फुसफुसू लागली. थंड पाणी व्यवस्थित येत होते, टाकीही पुन्हा भरली होती, पण गरम पाण्याला दाबच नव्हता.

त्याच दिवशी मी सोलर कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली. चोवीस तासांत माणूस येईल असे सांगण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, की ग्राहक घरी नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे. मी आणि सासूबाई तिन्ही दिवस घरातच होतो, आणि माणूस आला की लगेच वर जाता यावे म्हणून गच्चीचे दारही उघडे ठेवले होते. पुन्हा तक्रार केली, तेव्हा नवा क्रमांक मिळाला आणि टाकी किती लिटरची, बिल कोणत्या वर्षीचे, हे सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले गेले. तिसऱ्या वेळी तर फोनवरच्या मुलाने काहीही न पाहता टाकी बदलावी लागेल असे सांगून किंमतही सांगितली, याचा मला आजही संताप येतो. या काळात उकळत्या पाण्याचे पातेले फडक्याने धरून मी रोज न्हाणीघरापर्यंत नेत होते, आणि सासूबाई वाटेत येऊ नयेत म्हणून आधी त्यांना खुर्चीवर बसवत होते.

अकराव्या दिवशी शेजारच्या वहिनींनी त्यांचा प्लंबर पाठवला. "ताई, टाकीला काही झालेलं नाही, लाइनीत हवा धरलीय," तो म्हणाला. पाणी बंद असताना आम्ही गरम पाणी वापरत राहिलो, थंड पाण्याची टाकी रिकामी झाली, सोलरमधली पातळी गरम पाण्याच्या तोंडाखाली गेली आणि पाइपात हवा शिरली. गच्चीवर आमचा पाइप एके ठिकाणी कमानीसारखा वर उचललेला आहे, तिथे ती अडकून बसली. पंप नसला की दाब केवळ उंचीचा असतो. दर मीटरला तो साधारण ०.१ बार (बार हे दाबाचे एकक) भरतो, आणि आमच्या वरच्या मजल्यावर तो जेमतेम ०.३ बार असल्यामुळे त्या हवेला रेटण्याइतका जोर त्यात नव्हता.

त्याने घरातले बाकीचे गरम नळ बंद केले, रबरी नळीने थंड नळ गरम नळाला जोडला, नळीची दोन्ही टोके क्लिपांनी घट्ट केली आणि आधी गरम, मग थंड नळ पूर्ण उघडला. मी गच्चीवर सोलरच्या एअर व्हेंटजवळ, म्हणजे हवा बाहेर जाण्याच्या उघड्या नळीजवळ, उभी होते. आधी पाइप थरथरला, मग व्हेंटमधून हवेचा लांब सुस्कारा ऐकू आला. नळी काढल्यावर दोन बादल्या थंड पाणी आले, नळ दोनदा खोकला आणि मग जाड, वाफाळती धार सुरू झाली. दहा मिनिटेही लागली नव्हती.

आधी सांगायला हवे होते ते असे, की हे करण्यापूर्वी थंड पाण्याची टाकी भरलेली असावी आणि गरम लाइनीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसावा, कारण तो पाणी उलटे जाऊ देत नाही. एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष बहुधा हवेचा नसून नळाच्या तोंडाच्या जाळीत साचलेल्या क्षाराचा असतो. सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या रिकाम्या होऊन उन्हात तापल्या असतील, तर त्यांत थंड पाणी सोडू नये, त्या तडकतात. ते काम सूर्योदयापूर्वी करावे. एअर व्हेंटचे तोंड मात्र कधीही बंद करू नये.

आता पाणीबंदीची सूचना आली, की मी आदल्या रात्री गच्चीवर जाऊन गरम लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करते आणि टाकी भरल्यावरच उघडते.