वाशीम ते मालेगाव

"ताई, गाडी व्यवस्थित हाय."

ट्रॅव्हल्सच्या धंद्यात ड्रायव्हरचा फोन या वाक्यानं सुरू झाला की पोटात गोळा येतो. गाडी व्यवस्थित असताना फोन कोण करतं? २०२४ च्या जानेवारीतली गोष्ट, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळचे पावणेअकरा. मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात नुकती बसले होते आणि आमच्या ड्रायव्हर मामांची गाडी तिकडे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला एका पेट्रोल पंपावर उभी होती. गाडीत अकरा माणसं, त्यातल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या.

"मग झालं काय, मामा?"

"वाशीम सोडलेलं आठवतंय. मालेगावची पाटी दिसली ते आठवतंय. मधलं काय बी आठवत न्हाई."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि हातातला चहाचा कप मी होता तिथं ठेवून दिला. वाशीम ते मालेगाव म्हणजे वीसेक किलोमीटर. तेवढा रस्ता मामांनी डोळे उघडे ठेवून चालवला होता आणि तो त्यांच्या डोक्यात कुठं नव्हताच. आता समोर समृद्धी महामार्गाचा चढ होता आणि तिथून शिर्डीपर्यंत जवळजवळ तीनशे किलोमीटर सरळसोट काँक्रीट.

"मी वर गाडी घेत न्हाई," मामा म्हणाले. "काय करायचं ते सांगा."

हा घोळ मामांचा नव्हता, तो पंधरा दिवस आधी माझ्याच टेबलावर झाला होता.

पार्टी उत्तरेश्वर पेठेतली. आजींना साडेतीन शक्तिपीठं एका फेरीत करायची होती. कोल्हापूरची अंबाबाई तर घरचीच, तिचं दर्शन घेऊन निघायचं. पुढं तुळजापूर, माहूर, आणि अर्धं पीठ म्हणजे वणीची सप्तशृंगी. नकाशा उघडून बघा म्हणजे कळेल, हे म्हणजे महाराष्ट्राला प्रदक्षिणाच. नातू फोनवर सगळं काढून घेऊन आला होता. "सतराशे किलोमीटर, तेहतीस तास. चार दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी, ताई."

मी रूट शीट अजून पेन्सिलीनं लिहिते. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा आमच्या दोन गाड्या पलीकडं अडकल्या होत्या, आणि एका दिवसात चार वेळा मार्ग बदलावा लागला होता. तेव्हापासून पेन नाही. तर मी पेन्सिल घेतली आणि नातवाला समजावलं. फोन वेळ सांगतो ती कारची. आपली टेम्पो ट्रॅव्हलर, तिला स्पीड गव्हर्नर, काटा ८० च्या पुढं जातच नाही, पाय फळीला टेकवलात तरी. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून आपण तेवढ्यात पोचणार नाही. शिवाय अकरा माणसं म्हणजे प्रत्येक थांब्याला अर्धा तास. एक जण लघवीला उतरला की सगळे उतरतात, मग चहा, मग एकाची चप्पल सापडत नाही. आमच्या ऑफिसचा हिशेब असा की फोन सांगेल त्याच्या दीडपट धरायचं. म्हणजे पन्नास तास. चार दिवसांत.

पहिला दिवस सोपा होता. हातकणंगले, मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर करत तुळजापूर, पावणेतीनशेच्या आसपास. फक्त ऊसाचा हंगाम असल्यानं पहाटे निघायचं नाही, ही माझी अट. अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणारा ऊस. आपल्याकडच्या ड्रायव्हरला त्याची सवय असते, पण सवय म्हणजे ब्रेक नव्हे. दुसरा दिवस लातूर, नांदेड, उमरखेड, महागाव करत माहूर, साडेतीनशे. चौथा दिवस नाशिक, चाकण, पुणे, सातारा आणि घर. पाचशेच्या घरात, त्यात चाकणची गर्दी आणि शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची खोदाखोद. दमवणारा, पण घरच्या वाटेला गाडी आणि माणूस दोन्ही पळतात.

तिसरा दिवस मात्र मी तीनदा खोडून लिहिला. माहूरहून पुसद, वाशीम, मालेगाव, तिथून समृद्धीनं शिर्डी, पुढं वणी. साडेपाचशेच्या वर. शेवटी नांदुरीपासून सप्तशृंगी गडाचा घाट, तोही संध्याकाळी. मी म्हटलं, पाच दिवस करा. नातू म्हणाला, सोमवारी दोघांना कामावर हजर व्हायचंय, आणि दुसऱ्या एका ठिकाणी चार दिवसांत करून देतो म्हणालेत.

इथं मी शेपूट घातली. मोटार वाहतूक कामगारांसाठी तेव्हा १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आमच्यासारख्या चार गाड्यांच्या धंद्याला तो विचारायला कोणी येत नसे, पण वडिलांनी तो मला पहिल्याच वर्षी वाचायला लावला होता. तरी तिसऱ्या दिवसापुढं मी 'तेरा तास' असं लिहिलं आणि ॲडव्हान्स घेतला. संक्रांतीनंतरचे दिवस थोडे सुकेच असतात. शीटवर ड्रायव्हरचा रकाना होता, त्यात भत्ता लिहिलेला होता. बाकी काही नाही.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला. दुसऱ्या दिवशी नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर घेऊया असं ठरलं, आणि तिथं एवढं मन रमलं मंडळींचं की निघायला तीन वाजले. माहूरला पोचायला रात्रीचे साडेनऊ. लॉजवर ड्रायव्हरसाठी वेगळी खोली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती. मामा गाडीत मागच्या सीटवर आडवे झाले. रात्री एक वाजता एका लहान पोराला उलट्या सुरू झाल्या, म्हणून मामांना उठवून दवाखान्यात नेलं. तीनला परत. पाचला सगळे दर्शनाला गडावर, म्हणून मामा साडेचारला पुन्हा उठलेले. हे सगळं मला त्या फोनवर तुकड्या-तुकड्यानं कळलं. कुणाचीच चूक काढता येईना. पोराला दवाखान्यात नेलंच पाहिजे. दर्शन पहाटेचंच घ्यायचं होतं. मधल्या मध्ये एका माणसाची रात्र गेली, आणि ती कुठं लिहिलेली नव्हती म्हणून कुणाच्या लक्षातही आली नाही.

नातवानं फोन घेतला. आवाज चढलेला. "ताई, तुमचा ड्रायव्हर नाटक करतोय. चहा पाजला, तोंड धुतलं, आता काय झालंय? नाहीतर मी चालवतो, मला येती गाडी."

पार्टीच्या हातात स्टेअरिंग द्यायचं नाही, हा वडिलांपासूनचा नियम. त्यात मला आठवत होता १ जुलै २०२३ चा पहाटेचा टीव्ही. याच समृद्धीवर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आणि तिच्यात गेलेली २५ माणसं. मालेगावहून पुढं गेलं की तोच पट्टा लागतो. हे मी नातवाला बोलले नाही, गाडीत लहान पोरं होती. एवढंच म्हटलं, "दादा, मामा एकवीस वर्षं आमच्याकडं आहेत. आजपर्यंत त्यांनी असं एकदाही म्हटलेलं नाही."

"मग आमच्या टाइमचं काय?"

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात आलं होतं, दोन तास झोपवावं मामांना आणि काढावी गाडी, रात्री अकराला का होईना पोचतील. पेन्सिल हातात होती, मी आकडेमोड सुरूसुद्धा केली होती.

तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला. स्पीकर सुरू होता.

"मी न्हाई येत म्होरं. मी हितंच बसतो."

(कोल्हापूरच्या जुन्या बायका 'मी बसतो, मी जातो' म्हणतात. बाहेरच्याला हसू येतं. त्या दिवशी मला नाही आलं.)

"अगं आजी, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं!"

"माझ्यासाठी? मला इचारलं कुणी? काल धरनं पाठ भरून आलीया माझी. बोललो न्हाई, म्हटलं बोललो तर म्हातारीला झेपत न्हाई म्हणून मागं फिरवशीला. त्येला झोपू दे. मलाबी पडायचंय."

पलीकडं शांतता. इकडं मीही गप्प. रूट शीटवर दोन आडवे पडायला निघालेले प्रवासी होते आणि मी दोघांनाही विचारलेलं नव्हतं.

पुढचा तासभर निव्वळ फोनाफोनी. या धंद्यात एक बरं असतं, प्रत्येक जिल्ह्यात आपल्यासारखा एक तरी खुळा ओळखीचा निघतो. अकोल्यातल्या एका गाडीवाल्यानं मालेगावातल्या एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा नंबर दिला. त्या दिवशी तिथं लग्न नव्हतं. साडेअकराला दोन खोल्या उघडून मिळाल्या, पंख्यासकट. एका खोलीत मामा, दुसऱ्या खोलीत आजी. बाकीच्यांनी बरोबर आणलेली शेगडी काढली आणि मागच्या अंगणात खिचडी टाकली. नातवानं मला खिचडीचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. ती त्याची माघार होती असं मी धरलं.

मामा बारापासून साडेचारपर्यंत झोपले. मी मध्ये एकदा मॅनेजरला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "घोरतायत, दारापर्यंत ऐकू येतंय." इतकं समाधानकारक वाक्य मला त्या महिन्यात कुणी ऐकवलं नव्हतं.

तोवर शीट नवी झाली. वणी आज नाही. पाचला निघायचं, समृद्धीवर फक्त छत्रपती संभाजीनगरपर्यंत, दोनशेच्या आतबाहेर. मध्ये एकदा थांबायचं, आणि मामांच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी जागं बसायचं. ही शेवटची गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. समृद्धीवर गाव नाही, चौक नाही, आडवं येणारं कुत्रं नाही, डोळ्यांना कामच नाही. आपल्या सांगली रोडवर ड्रायव्हरला झोप यायला सवडच मिळत नाही, तिथं रस्ताच शिव्या घालून जागं ठेवतो. नातू बसला शेजारी. रात्री पावणेनऊला मामांचा फोन, "पोचलो. दादा लई बोलतोय ओ, कान किटलं."

लॉजवर मामांना स्वतंत्र खोली होती. तिचे पैसे मी आधीच पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वणी. आजींना पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या नव्हत्याच, गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तीत बसून त्या वर गेल्या. अठरा हातांच्या देवीपुढं त्या बराच वेळ उभ्या होत्या असं नातवानं नंतर सांगितलं. रात्री नाशिकला मुक्काम, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला गाडी किणी टोलनाक्यावर. तिथून मामा नेहमी फोन करतात. "ताई, पांढरा रस्सा कुठं मिळंल अजून?" असं विचारलं की समजायचं, ट्रिप संपली.

सोमवार गेला तो गेला. जादा दिवसाचं गाडीभाडं आम्ही सोसलं, मुक्कामाचा खर्च पार्टीनं. वडील दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. ते भाड्यावरून नव्हतं. "तेरा लिहिताना हात कसा गं थांबला नाही?" एवढं एकदाच म्हणाले. नातू उरलेले पैसे द्यायला आला आणि त्यातनं दोन हजार कापून घेतले, 'गैरसोय' म्हणून. मी वाद घातला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, आजी विचारतेय, काशीला किती दिवस लागतील. मग स्वतःच म्हणाला, "तुम्ही आजीलाच फोन करा."

शीटमध्ये आता एक रकाना वाढलाय. ड्रायव्हर रात्री किती वाजता झोपला, सकाळी किती वाजता उठला. मुक्कामाहून रोज मेसेज यायला हवा, नाहीतर सकाळी गाडी काढायची नाही. मामांचा मेसेज न चुकता येतो. रोज दहा वाजता झोपलो. तुळजापूर असो, नागपूर असो, गाडी साडेदहाला पोचलेली असो, मामा झोपतात दहालाच.

म्हणून मी हल्ली लॉजवाल्याला फोन करते आणि घोरण्याचा आवाज येतोय का विचारते.