नजर गेली होती, तरीही सुटलं

लिम्फ नोडच्या (लसिकाग्रंथीच्या) एका स्लाइडवर मी ‘मेटास्टॅसिस नाही’, म्हणजे कर्करोग इथवर पसरलेला नाही, असं लिहिलं आणि ते चुकलं. स्लाइड जुनी होती, प्रयोगासाठी बाजूला ठेवलेली. त्या उत्तराचा कुठल्याही रुग्णाशी संबंध नव्हता. तरी ती चूक मनातून जात नाही, कारण ती करताना माझे डोळे नेमके कुठे होते याची नोंद झाली होती.

पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी या प्रयोगासाठी नाव दिलं. आम्ही स्लाइड कशी बघतो, नजर कुठे थांबते, कुठून नुसती निघून जाते, हे टिपायचं होतं. स्लाइड्स स्कॅन करून मॉनिटरवर लावल्या होत्या. ४०-एक्सला स्कॅन केलं की एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा पडतो. २ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद तुकडा म्हणजे ८०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, ४८० कोटी! आणि डोळ्याचा खरोखर बारीक बघणारा भाग, फोव्हिया, एका वेळी किती टिपतो? हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. हा हिशेब मी त्याआधी कधी मांडलाच नव्हता.

पहिल्या दिवशी कॅलिब्रेशन तीनदा फसलं. मॉनिटरखालच्या पट्टीतून इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर पडतो. बाहुलीचा मध्य आणि कॉर्नियावर चमकणारा ठिपका यांच्या जागेवरून यंत्र नजरेची दिशा काढतं. माझ्या चष्म्याच्या काचेवरही तसेच ठिपके चमकत होते. मॉनिटर किंचित झुकवला, खुर्ची सरकवली, मग नऊही बिंदू नीट लागले. चूक अर्ध्या अंशावर आली. ऐकायला हे थोडं वाटतं, पण ६० सेंटिमीटरवरून बघताना अर्धा अंश म्हणजे पडद्यावर ५ मिलिमीटर. लो पॉवरला तेवढ्यात पेशींची अख्खी वस्ती मावते. त्यामुळे लो पॉवरला ‘ही अमुक पेशी पाहिली’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ‘हा भाग पाहिला’ एवढंच म्हणता येतं. शिवाय आपण स्लाइड सरकवतो, झूम करतो, म्हणून पडद्यावर त्या क्षणी स्लाइडचा कुठला भाग होता याचीही नोंद लागते. ती नसेल तर नजरेच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

पहिल्या एक-दोन स्लाइड्सना डोळे अवघडले. नंतर विसरायला झालं.

आठवड्याने मला माझंच रेकॉर्डिंग दाखवलं. नजर थांबली तिथे वर्तुळ, उडी मारली तिथे रेघ. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, हे मला तिथेच कळलं. शेजारी आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचं रेकॉर्डिंग होतं. त्यांनी लो पॉवरला सगळा नोड एकदा पाहिला, कॅप्सूलखालच्या, म्हणजे नोडच्या आवरणाखालच्या, सायनसवरून (लसिका वाहते त्या पोकळीवरून) नजर फिरवली आणि दोन जागी आत शिरल्या. मेटास्टॅसिस बहुतेकदा त्याच सायनसमधून नोडमध्ये येतं. माझ्या रेघांनी सगळा नोड विणून काढला होता.

मला खात्री होती की मेटास्टॅसिस होतं ती जागा मी पाहिलीच नसणार. पण तिथे वर्तुळं होती. मी तीन वेळा गेले होते, मिळून १.४ सेकंद. लोब्युलर कार्सिनोमाच्या (स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराच्या) पेशी होत्या, सुट्या, सौम्य चेहऱ्याच्या. १०-एक्सला मी त्यांना मनातल्या मनात हिस्टिओसाइट (नोडमध्ये एरवीही असणाऱ्या, निरुपद्रवी पेशी) ठरवलं आणि पुढे गेले. ठरवल्याचं मला आठवतही नव्हतं.

अशा सुटलेल्या गोष्टींचं वर्गीकरण कुंडेल आणि नोडिन या संशोधकांनी १९७० च्या दशकात छातीच्या एक्स-रेवर मांडलं होतं: नजर पोचलीच नाही, पोचली पण ओळख पटली नाही, किंवा रेंगाळली पण निर्णय चुकला. २०१३ मध्ये २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगून त्यात गोरिलाचं चित्र घातलं होतं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. हे प्रयोग मी आधी वाचले होते. स्वतःची वर्तुळं पाहिल्यावर ते मला पटले.

‘नीट बघत जा’ हे वाक्य मी विद्यार्थी असल्यापासून ऐकत आले आहे. माझ्या चुकीला ते लागूच पडत नव्हतं. मी बघितलं होतं. मॅडमनी वेगळं सांगितलं: “जिथे दुसऱ्यांदा नजर वळेल, तिथे पॉवर वाढव. आणि काय आहे ते तोंडाने म्हण.” तेव्हापासून मी पुटपुटत स्लाइड बघते. ‘हिस्टिओसाइट’ म्हणायचं तर केंद्रक बघावं लागतं, सायटोप्लाझम बघावं लागतं. तरीही शंका राहिली तर सायटोकेराटिन, म्हणजे अशा कर्करोगाच्या पेशी रंगवून दाखवणारी चाचणी, मागवते.

दीड महिन्याने दुसरी फेरी झाली. आणखी एक नोड, पुन्हा सायनसमध्ये सुट्या पेशी, नजर पुन्हा मागे वळली. ४०-एक्सला गेले. घेवड्याच्या दाण्यासारखी केंद्रकं, भरपूर फिकट सायटोप्लाझम. “हिस्टिओसाइट,” मी म्हणाले आणि ‘मेटास्टॅसिस नाही’ लिहिलं. या वेळी ते बरोबर होतं.