हरभऱ्याएवढं अंतर

ताईकडे लंडनला जायचं पक्कं झालं आणि बाबांनी माळ्यावरून धुळीनं भरलेला पृथ्वीगोल खाली काढला. भूगोलाचे मास्तर रिटायर झाले तरी मास्तरच. "भिंतीवरचा नकाशा फसवतोय. गोलावर दोरा ताणायचा," म्हणत त्यांनी मुंबईवर अंगठा दाबला, दोरा लंडनपर्यंत ओढला आणि पट्टीला लावला. सतरा सेंटिमीटर. तीस सेंटिमीटर व्यासाच्या त्या गोलावर म्हणजे साधारण ७,२०० किलोमीटर.

"वीतभर बी नाही की!" आई म्हणाली.

कोल्हापूर-मुंबई सरळ रेषेत ३०० किलोमीटर, म्हणजे सात मिलिमीटर. "हरभरा," बाबांनी निकाल दिला.

बॅगेत गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणी, भडंग. पेढे मात्र बाहेर राहिले. बाहेरून येणाऱ्याला तिकडे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे आईला अजून पटलेलं नाही.

उजळाईवाडीचं विमान तासाभरात मुंबईला टेकतं, पण त्याची वेळ जुळेना. म्हणून रात्री नऊला तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलो. रस्त्यानं ३८० किलोमीटर. कराडच्या आधी डायव्हर्शन, मग पुन्हा डायव्हर्शन. खंबाटकीचा बोगदा झाला, पुणं मागे पडलं, जरा डोळा लागला. जाग आली तर खंडाळ्याच्या घाटात गाडी उभी. पुढच्या ट्रकवर लिहिलेलं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' मी पाऊण तास वाचत होतो. विमानतळावर पोचलो तेव्हा सकाळचे साडेसहा.

अकराला विमान सुटलं. समोरच्या पडद्यावर उंची ११,००० मीटर, बाहेर उणे ५५ अंश, वेग ८२० किलोमीटर. जेट ९०० नं जातं म्हणतात, त्या हिशोबानं आठ तासांत पोचायला हवं. पण पश्चिमेकडून येणारं वरचं वारं तोंडावर असतं, आणि काही देशांवरचं आकाश टाळून वळसाही पडतो. आम्हाला दहा तास लागले. दिवस काही मावळेना; खिडकीतलं ऊन आमच्याबरोबरच निघालेलं. जेवण दोनदा आलं. दोन्ही वेळा मी खिशातल्या पुडीतली चटणी काढली, आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या आजोबांनी न बोलता ताट पुढं केलं.

उतरलो तेव्हा तिथं दुपारचे साडेचार. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. रांगेतून सुटून घरी फोन लावला तेव्हा कोल्हापुरात साडेदहा वाजून गेले होते. बाबा जागेच.

"किती लागले?"

"दहा तास."

"आणि हरभऱ्याला?"

"साडेनऊ."

पलीकडं जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "येताना विमान तासभर लवकर येईल, वारं पाठीशी असतंय. घाटाचं काय सांगता येत नाही."