पेपर सुटल्यावर उत्तरं ताडून बघावीत का?

एप्रिल-मे आला की सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात: "सीईटीचा गणिताचा पेपर सुटला की मुलं गेटबाहेरच उत्तरं ताडत उभी राहतात. एखादं चुकलेलं कळलं की तोंड उतरतं. थांबवावं का त्यांना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, थांबवू नका. मात्र चहाच्या टपरीवर घाईघाईत जे ताडलं जातं, त्यातलं निम्मं चुकीचं असतं. ते नीट कसं करायचं, हे मुलांना कोणी सांगतच नाही.

पीसीएम गटात आधी ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री आणि मग ९० मिनिटं गणित असतं. गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर स्क्रीनवर असल्यामुळे प्रश्नपत्रिका हातात राहत नाही. जे काही ताडायचं ते आठवणीवर, आणि आठवण फार लवकर फसवते. केंद्र पुण्याच्या टोकाला, वाघोलीला किंवा नऱ्ह्याला असेल, तर घर गाठेपर्यंत तास जातो. तेवढ्यात मित्राचं उत्तर आपलंच होतं असं वाटायला लागतं. म्हणून कोणाशी बोलण्याआधी, गाडीत बसल्या बसल्या एका कागदावर लिहून काढा: धडा, दिलेल्या संख्या, आपलं उत्तर. पर्याय ए की बी हे लिहू नका, प्रश्न कितवा होता तेही नको. प्रश्नांचा क्रम सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच असेल असं धरून चालू नये. प्रत्येक उत्तरापुढे खूण करा: खात्रीचं, शंकेचं की तुक्का.

आता खरी गंमत. चौघांपैकी तिघांचं उत्तर एक आलं की चौथा मान खाली घालतो. गणितात बहुमत चालत नाही, कारण सापळा सगळ्यांसाठी एकच लावलेला असतो. टॅन इन्व्हर्स २ अधिक टॅन इन्व्हर्स ३ घ्या. पाठ केलेल्या सूत्रात वर २ + ३ म्हणजे ५, खाली १ वजा ६ म्हणजे वजा ५. भागाकार वजा १, म्हणून उत्तर 'वजा पाय भागिले ४' (पाय म्हणजे π, अंशांत १८०). तिघं हेच घेऊन येतात, आणि पर्यायांत तेही ठेवलेलंच असतं. पण अंशांत बघा: पहिला कोन सुमारे ६३.४, दुसरा सुमारे ७१.६. दोन धन कोनांची बेरीज वजा ४५ येईलच कशी? ती १३५ आहे, म्हणजे ३ पाय भागिले ४. दोन्ही संख्या धन असून त्यांचा गुणाकार १ पेक्षा मोठा असेल, तर सूत्राच्या उत्तरात पाय मिळवावा लागतो. ही अट पुस्तकात सूत्राशेजारीच छापलेली असते, पण पाठ होतं ते फक्त सूत्र.

याच्या उलटही घडतं. दोघांची उत्तरं वेगळी दिसतात आणि दोघंही बरोबर असतात. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन एक जण 'साइन वर्ग भागिले २' असं करतो, दुसरा 'वजा कॉस २एक्स भागिले ४' असं. दोन्हींत फरक फक्त स्थिरांकाचा. पटकन तपासायचं तर दोन्हींत एक्स ९० अंश ठेवा, मग ० ठेवा आणि वजाबाकी करा. दोन्हीकडे अर्धाच येतो. वजाबाकी जुळली नाही, तर एक जण नक्की चुकलाय. ती जुळली तरी पुरता निकाल डेरिव्हेटिव्ह काढूनच लागतो. रेषेच्या सदिश समीकरणातही हाच घोळ. (१, २, ३) मधून (२, −१, १) दिशेने जाणारी रेषा आणि (३, १, ४) मधून (−४, २, −२) दिशेने जाणारी रेषा एकच आहे. न तपासता "माझं चुकलं" म्हणून रडू नये.

गुणांचा अंदाज बांधताना त्या खुणा कामी येतात. समजा २८ खात्रीचे, १० शंकेचे, १२ तुक्के. खात्रीचे ५६ गुण, शंकेचे निम्मे धरून १०, आणि चार पर्यायांतला एक या हिशेबाने तुक्क्यांचे ६: झाले ७२. खात्रीच्यातलेही दोनतीन जातातच, म्हणून ६६ ते ७२ धरा.

परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, म्हणून दुसऱ्या सत्रातल्या मित्राशी मात्र गुणांची तुलना अजिबात करू नका. पेपर वेगळा, काठिण्य वेगळं. पर्सेंटाइल ठरतं ते आपल्याच सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना पडले त्यावरून. तिन्ही विषय मिळून अवघड सत्रातले १२० सोप्या सत्रातल्या १३० ना मागे टाकू शकतात. सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजचं स्वप्न बघणारी मुलं या एका गैरसमजापायी आठवडेच्या आठवडे झुरतात, ते बघवत नाही.

"माझं उत्तर पर्यायांत नव्हतंच" असं एकानं म्हटलं, तर गणित पुन्हा सोडवा. अनेक जण तेच म्हणत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते, आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली.

पुढे लॉगिनमध्ये प्रश्न, आपण निवडलेला पर्याय आणि उत्तरतालिका दिसते. आक्षेपाची मुदत थोडी असते आणि प्रत्येक प्रश्नामागे शुल्क पडतं. तेव्हा पहिल्या दिवशीचा तो कागद काढा, ज्या प्रश्नांवर आधीच वाद झाला होता ते आधी बघा. आक्षेपासोबत पूर्ण सोडवलेलं गणित आणि बालभारतीच्या पुस्तकातल्या संबंधित पानाचा फोटो जोडा.