तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा मंडळीत येत नसताना मी वडील कसा?

बायबल अभ्यासाला बसलेल्या तरुणांपैकी कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच, आणि बहुतेक वेळा प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडून, त्या ओळीवर बोट ठेवून विचारतो. ज्याला स्वतःच्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, असे पौल तेथे म्हणतो. माझा धाकटा मुलगा सुरतेला नोकरी करतो आणि 2016 पासून त्याने उपासनेला येणे सोडले आहे. मी मात्र नवापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजही वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा पदाधिकारी, आहे. प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याला पुरते उत्तर मिळाले पाहिजे.

आपल्या मराठीत मंडळीतल्या या पदाला आणि जन्मदात्याला एकच शब्द आहे. पौलाला जे सांगायला अख्खे वाक्य लागले, ते आपल्या भाषेत हाक मारतानाच सांगून होते. तरीही वडील निवडताना आपण सगळ्या मंडळीला विचारतो आणि घरच्यांना विचारायचे राहून जाते.

माझ्या बाबतीत ते राहिले नाही. 1997 साली माझे नाव पहिल्यांदा सुचवले गेले, तेव्हा मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो, उपदेश बरा करत होतो, वर्गणीचा हिशेब चोख ठेवत होतो आणि कोणाचीही हरकत नव्हती. त्या वेळचे आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी न कळवता घरी आले. मी खुर्ची पुढे केली, पण माझी पत्नी कळण्याच्या भाकरी थापत होती त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ते जाऊन बसले आणि त्यांनी तिला विचारले, "ताई, सर घरी कसे असतात?" तिने तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतले लाकूड जरा मागे ओढले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "रागावत नाहीत. पण बोलतच नाहीत. यांची चाहूल लागली की पोरं पुस्तकं उघडून बसतात." बाहेरच्या खोलीत मला सारे ऐकू येत होते. पाळकांनी भाकरी-ठेचा खाल्ला, प्रार्थना केली आणि निघताना ओट्यावर मला म्हणाले, "सर, दोन वर्षं थांबू या." त्या रात्री मला फार अपमान वाटला. आज मला वाटते की माझ्या पात्रतेची इतकी नेमकी पारख कुठल्याही समितीला जमली नसती.

मुले माझ्या स्वाधीन होती, पण ती माझ्या सांभाळात नव्हती, हा फरक मला त्या दोन वर्षांत कळला. ज्या ग्रीक क्रियापदासाठी आपल्या बायबलात येथे 'सांभाळ' हा शब्द येतो, ते नव्या करारात याखेरीज फक्त येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. जखमी माणसाला उतारशाळेत नेऊन त्याने त्याची काळजी घेतली, तेथे. मी घरात शाळेसारखी शिस्त ठेवली होती आणि तिलाच व्यवस्था समजत होतो.

पौलाने तीत या दुसऱ्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात वडिलाच्या मुलांविषयीची अट अधिक कडक भासते. तेथे मूळ ग्रीकमध्ये जो 'पिस्तोस' हा शब्द आहे, त्याचा अर्थ विश्वास ठेवणारा असा होतो, तसाच भरवशाचा असाही होतो. पुढे लगेच बेतालपणा आणि अनावर वागणे यांचा उल्लेख असल्यामुळे मला दुसरा अर्थ अधिक पटतो. पहिला अर्थ धरणारे अभ्यासू लोक आहेत आणि त्यांच्या मंडळीत मी वडील होऊ शकणार नाही, हे मी मान्य करतो. तथापि जुन्या करारातले याजक एली आणि संदेष्टा शमुवेल यांना शेजारी ठेवून पाहावे. एलीचे मुलगे हफनी व फिनहास काय करतात हे त्याला ठाऊक होते आणि त्याने त्यांना आवरले नाही, म्हणून त्याचा न्याय झाला. शमुवेलाचे मुलगेही बैर-शेबात लाच घेत होते. त्यांना त्याने न्यायाधीश नेमले ही मला त्याची चूक दिसते, पण तो लोकांसमोर उभा राहून माझे हात तपासा असे म्हणू शकला. आणि ज्याला घराच्या व्यवस्थेविषयीचे ते पहिले पत्र लिहिले त्या तीमथ्याच्या घरी आजी लोईस व आई युनीके यांचा विश्वास होता, पण बापाविषयी तो ग्रीक होता, एवढेच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते.

आमच्या भागात या अटी कागदावरच्या नाहीत. वडील एका स्त्रीचा पती असावा, हीही त्याच अध्यायातली अट. दोन बायका असलेला माणूस विश्वासात आला, तर एकीला घराबाहेर काढ असे आम्ही सांगत नाही, कारण ती आणि तिची लेकरे जातील कुठे? त्याला आम्ही मंडळीत घेतो, वडील मात्र करत नाही, आणि हे त्याला आधीच समजावून सांगतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे महिनोन्‌महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. तेथे कौटुंबिक प्रार्थना रोज होते का, हे विचारून पात्रता ठरवू नये. पहाटे बाप कोणाला आधी चहा देतो, हे मुलांना विचारावे.

आता माझ्या मुलाविषयी. त्याने मला समोर बसवून सांगितले की त्याचा विश्वास उरलेला नाही. लहानपणी त्याने मला एवढे मोकळेपणाने सांगितले नसते, म्हणून ते ऐकताना दुःखाबरोबर थोडे समाधानही होते. मी त्याला दार बंद केले नाही; तो नाताळला येतो आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला आमच्याबरोबर शांत बसतो. त्याने हे सांगितले त्याच आठवड्यात मी वडीलपदाचा राजीनामा लिहून दिला. तो स्वीकारण्याआधी दोन वडील घरी आले, पत्नीशी बोलले आणि मग मुलाला फोन लावून ओट्यावर बराच वेळ त्याच्याशी बोलत बसले. त्याने काय सांगितले ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. राजीनामा त्यांनी परत केला, पण दरवर्षी हेच माझ्या घरच्यांना पुन्हा विचारले जाईल आणि त्यांच्यापैकी कोणीही नको म्हटले तर मी पद सोडीन, असे आमच्यात ठरले. यंदा त्यांनी थोरल्या सुनेलाही विचारले.