दोन नंबरला येईल

कोकण रेल्वेवर स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' दिसला की समजायचं, गाव लांब आहे. राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड. आईच्या माहेरचं स्टेशन यांतलं नाही, पण 'रोड' लावून घ्यायला पुरेपूर लायक आहे. गाव नऊ किलोमीटर, मधे घाटी, आणि रात्री आठनंतर रिक्षा म्हणजे नशीब. गाडी साडेअकराची, तरी मामेभावाने आम्हाला साडेनऊलाच टेम्पोतून आणून सोडलं. जूनचा शेवटचा आठवडा होता, लावणी तोंडावर आलेली, त्याला पहाटे शेतात जायचं होतं.

"जा रे तू, इथे मास्तर असतात," आई म्हणाली.

सामान म्हणजे एक बॅग, दहा किलो तांदूळ आणि एक फणस. फणस नको म्हणून मी दोन दिवस भांडले होते.

फलाटावर आम्ही दोघी, तान्हं बाळ घेतलेलं एक जोडपं, मुंबईला मुलाखतीला निघालेला एक मुलगा आणि बाकाखाली अंग चोरून बसलेलं कुत्रं. पत्र्यावर पाऊस असा की शेजारी बसून ओरडावं लागत होतं. चहाचा स्टॉल नाही. तिकीट खिडकी बंद. उजेडाची म्हणावी अशी एकच जागा, मास्तरांची खोली. मोबाइलवर गाडी पावणेदोन तास लेट दाखवत होती, फलाट क्रमांक एक.

मी दारापाशी जाऊन उभी राहिले. आत भिंतीला लागून पॅनेल, त्यावर लाल-पिवळे ठिपके. मास्तर फोनवर पुढच्या स्टेशनशी बोलत होते आणि बोलता बोलता जाड वहीत लिहीत होते. मधेच एक दोन आकडी नंबर त्यांनी सुटा सुटा उच्चारला, "चार... सात," आणि समोरून आलेला नंबर लिहून घेतला. हा प्रायव्हेट नंबर. कागदावरच्या यादीतला एकेक नंबर असा देत-घेत जायचं, म्हणजे कोण काय बोललं याला पुरावा राहतो. तो लिहून होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर ही वाट एकेरी आहे. समोरासमोरच्या दोन गाड्यांनी एकमेकींना चुकवायचं ते स्टेशनातच, त्यासाठी रात्रभर कुणीतरी जागं लागतं. रात्री स्टेशनवर माणूस हवा का, हा प्रश्न गाड्यांपुरता कधीच सुटलेला आहे.

"बोला ताई," ते म्हणाले. मी गाडीचं विचारलं.

"दीड वाजेल. आणि दोन नंबरला येईल."

"मोबाइलवर एक दाखवतायत."

"दाखवू दे. एक नंबरला मी रो-रो घेतोय, ट्रकांची मालगाडी. बरोबर म्हातारी आहेत ना? त्यांना आत्तापासूनच पुलावरून न्या. मालगाडी उभी राहिली की मधून यायला वाव नाही."

आईचे गुडघे कसे आहेत ते तिलाच माहीत. पादचारी पुलाच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक टप्प्यावर ती थांबली, देवाचं नाव घेतलं आणि मामेभावाला वारसाहक्काने मिळालेल्या आळशीपणाबद्दल दोन शब्द बोलली. चढून उतरायला वीस मिनिटं गेली. मुलाखतीवाल्या मुलाने तांदूळ खांद्यावर घेतले. गाडीचा हॉल्ट दोन मिनिटांचा. ऐनवेळी फलाट कळला असता तर आम्ही पुलाच्या मध्यावरून तिला टाटा केला असता.

गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यात, नाव घेत नाही, मी एका बऱ्यापैकी मोठ्या स्टेशनावर पहाटे तीनला उतरले. फलाटभर कॅमेरे, चकचकीत इंडिकेटर. वेटिंग रूमला कुलूप, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो सहाला येतो, असं फलाटावर झोपलेल्या एका माणसाने चादरीतून तोंड काढून सांगितलं. तीन तास मी पाणी प्यायले नाही. गंमत म्हणजे रेल्वेच्या 1989च्या कायद्यात कलम 139 आहे. विनातिकीट असली तरी एकट्या बाईला रात्री गाडीतून उतरवता येत नाही. दिवसाही ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्यालय एवढ्याच ठिकाणी. म्हणजे रात्रीचं स्टेशन बाईला कसं असतं हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. तिकीट काढून स्वतःहून उतरणारीचं काय, ते किल्लीवाला सहाला आला की कळतं. मदतीचा फोन नंबरही 139च आहे, हा योगायोगच असावा.

रात्रभर तिकीट खिडकी उघडी ठेवा असं मी म्हणणार नाही. सहा तिकिटांसाठी माणूस जागा ठेवणं परवडत नाही, हे समजतं. ज्याच्या कंबरेला किल्ल्या आहेत आणि गाडी कुठे येणार हे ज्याला ठाऊक आहे, असा एक माणूस मात्र हवा, आणि तो मास्तरांवर भागवू नये. हे मी त्यांनाही म्हटलं होतं. ते हसले. "मी गाड्यांसाठी आहे हो. पॅनेल सोडून मला उठता येत नाही. उद्या इथे कुणाला चक्कर आली तर पाणी द्यायचं की गाडीला यायची परवानगी, लाईन क्लिअर द्यायचा?" मागे फोन वाजला.

सव्वाला रो-रो आली. सपाट वाघिणींवर ओळीने ट्रक, काहींच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पाय पसरून झोपलेले. 1999 पासून हे ट्रक असे घाट चुकवत रुळांवरून जातात, तरी पहिल्यांदा बघणारा माणूस आ वासतोच. बाळाचा बाप तसा बघत होता. एक नंबर झाकला गेला. दोन ट्रकांच्या फटीतून तेवढी मास्तरांची खिडकी दिसत राहिली.

पॉइंट्समन हातदिवा घेऊन पुलावरून आमच्या बाजूला आला. पावसात त्याचा रेनकोट कातड्यासारखा चिकटला होता.

"एस-फोर? मग इथं नको, त्या तिसऱ्या खांबापाशी उभ्या रहा. आजी, कठड्याला धरून चढा हां, फलाट खाली हाय."

डबा बरोबर तिसऱ्या खांबापाशी आला. आईला मी आणि त्या मुलाने अक्षरशः वर ढकललं. गाडी हलली तेव्हा मी दारातून त्याला हात केला, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. हिरवा दिवा धरून तो प्रत्येक डब्याची चाकं बघत होता, आणि मग शेवटचा लाल दिवा दिसेपर्यंत तसाच थांबला असणार. गाडी पूर्ण गेली, हे त्याला मास्तरांना सांगायचं असतं.

बर्थवर टेकल्यावर आईने सामान मोजलं. बॅग, तांदूळ.

"फणस गं?"

फणस एक नंबरवर, मास्तरांच्या दाराशेजारच्या बाकाखाली, कुत्र्याच्या सोबतीला राहिला होता. मी काहीच बोलले नाही. आई थोडा वेळ खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "वास सुटलाच होता. सकाळी ड्युटी सुटेल तेव्हा कापतील."

मग पदराने तोंड पुसून आडवी होताना, "त्यांच्याकडे तेल असेल ना हाताला लावायला?"