तेलाचा पिपा

कापसाचे पैसे हातात आले की आमच्या गावात बहुतेक घरांत आधी तेलाचा पिपा येतो, मग साखरेचा कट्टा, मग बाकीचं. वर्धा-यवतमाळकडच्या या कापूसपट्ट्यात पैसा दर महिन्याला येत नाही. दिवाळीच्या मागेपुढे, वेचा होईल तसतसा येतो. तूर-हरभरा निघाला की पुन्हा थोडा येतो. त्यानंतर पुढची दिवाळी येईपर्यंत तो फक्त जातो. म्हणून ‘महिन्याचं बजेट आखा’ असा सल्ला कुठे वाचला की मला हसूच येतं. महिना कोणता धरायचा, डिसेंबर की जुलै?

पिपा घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. पंधरा किलोचा पिपा आणि पंधरा लिटरचा पिपा शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही. पण तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल वजनात भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या पिप्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर, पंधरा किलोवाल्यापेक्षा चांगलं सव्वा किलो कमी. भाव विचारताना ‘पिपा केवढ्याला?’ एवढंच विचारलं की दुकानदार सांगतो तो भाव बहुधा लिटरवाल्याचाच असतो. पाकिटांचं तर आणखीच. आम्ही सगळे अजून ‘लिटरचं पाकीट’ म्हणतो, पण आत कधी ८५० ग्रॅम, कधी ८००, कधी ७५०. पाकीट तेवढंच फुगलेलं. आता पुड्यांवर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तेही छापतात, फक्त ते वाचायला चष्मा लागतो. माझ्या सासूबाईंची अक्षरओळख बेताची. त्या दोन पाकिटं दोन तळहातांवर घेतात, जराशा खालीवर करतात आणि एक परत ठेवतात. ‘हे हलकं हाय,’ म्हणतात. मी मागून छापील आकडे वाचते, तर त्यांचंच बरोबर असतं.

पिपा रिकामा झाला असं माझं मत असतं, सासूबाईंचं नसतं. त्या मे महिन्याच्या उन्हात तो गंजावर, म्हणजे पातेल्यावर, उपडा करून ठेवतात. आमच्याकडचं ऊन म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश. त्यात पत्रा तापतो, कडेकोपऱ्यात चिकटलेलं तेल सुटं होतं आणि दुपारपर्यंत वाटीभर गोळा होतं. एवढ्यावर थांबतील तर त्या कसल्या. मग पिप्याचं तोंड छिन्नीनं कापायचं, कडा दगडानं ठोकून आत मोडायच्या, आणि मूठ-दोन मूठ ज्वारीचं पीठ टाकून आतून चारी बाजूंनी घासायचं. पीठ ओलसर, पिवळट होऊन निघतं. त्यात तिखट, मीठ, तीळ, भरपूर सांबार (कोथिंबीर) घालून धपाटे लावतात. तव्यावर वेगळं तेल सोडावं लागत नाही. पिपाही असा निघतो की साबण लावायचं काम उरत नाही.

पुढे त्या पिप्याचा जन्मच सुरू होतो म्हणा ना. आडवी लाकडी दांडी ठोकली की पाणी भरायला होतो. न्हाणीच्या चुल्ह्यावर अंघोळीचं पाणी त्यातच तापतं. एकात ढोरांची चुनी (डाळीचा चुरा), एकात सरकी, एकात पोरांच्या जुन्या वह्या. पार गळायला लागला की पत्रा उलगडून गोठ्याच्या कुडाला. विकायचा खाण्याचा जिन्नस भरायला जुना पिपा पुन्हा वापरू नये असा कायदा आहे आणि तो योग्यही आहे. बाकी कशालाही वापरा, कायद्याची हरकत नाही, आणि आमच्या सासूबाईंचीही नाही.

हे सगळं करायला आधी पिपा घेता यायला पाहिजे, ही खरी गोम. एकदम घेतलं की स्वस्त पडतं हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. पण जुलैत बियाणं, खत, निंदण-डवरणीची मजुरी यात सगळा पैसा मातीत गेलेला असतो. तेव्हा दुकानात ‘दहाचं तेल, पाचची चहापत्ती’ असं चालतं. दहाचं तेल रोज आणणारी बाई महिन्याला पिपावालीपेक्षा महाग तेल खाते. वर वहीत लिहून घेतलं तर उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. असं कोणी पाटी लावून सांगत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. पाच रुपयांची पुडी वर्षानुवर्षं पाच रुपयांचीच राहते, आतलं तेवढं कमी होत जातं. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाच जिन्नस महाग मिळतो. मग लोक म्हणणार की गरिबाला काटकसर कळत नाही!

या हिशेबाला एक मजेदार अपवाद आहे, शाम्पूचा. तिथे पुष्कळदा पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. पुडीवर किती मिलिलिटर ते बघा, बाटलीवरचं बघा, आणि भागाकार करा. पुडीची कल्पना तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. जे श्रीमंताला मिळतं ते रोजमजुराला परवडेल एवढ्या मापात मिळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८३ साली त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ची पुडी बाजारात आणली. मग कोणत्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक चिक फुकट न्या, अशी योजना तिकडे काढली. हे वाचल्यावर मी न्हाणीतल्या बाटलीला रजा दिली. सासूबाईंना यातलं काही सांगायची गरज पडली नाही, त्या शिकेकाईवाल्या. आता पुडीचं प्लास्टिक धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उडत जातं त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. पण तो बाटलीवाल्यांनी मला विचारू नये.

फुकटाचा जिन्नस म्हणाल तर श्रावणातली रानभाजी. तरोटा पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला हवा तेवढा. केना, कुंजर, घोळ शेतातच. निंदताना ओटीत खुडून आणायची आणि फल्लीचा (शेंगदाण्याचा) कूट घालून परतायची. पाऊस धरला की दोन-तीन आठवडे भाजीचा खर्चच नसे. ‘नसे’ म्हणायचं कारण, आता पऱ्हाटीत (कपाशीत) तणनाशक मारतात. धुऱ्यावरचा केना दिसायला हिरवागार असतो, पण त्यावर काल काय फवारलं ते पंप पाठीवर घेणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे आता भाजी खुडायच्या आधी शेजारच्या शेतवाल्या भाऊजींना विचारावं लागतं. काटवलं (करटोली) तर फुकटाच्या यादीतून केव्हाच गेली. आठवडी बाजारात त्यांचा भाव ऐकला की मी दुसऱ्या दुकानाकडे वळते. बाजाराचं तंत्र मात्र अजून जुनंच आहे. उन्हं उतरली, परतीच्या ऑटोंनी हॉर्न वाजवले की भेदराचे (टमाट्याचे) आणि वांग्याचे वाटे निम्म्यावर येतात. त्या वेळची वांगी चिरून उन्हात वाळवायची. त्या वाळल्या फोडी म्हणजे खुला, त्या करून ठेवायच्या. पावसाळ्यात वांगी महागली की डाळीबरोबर त्या शिजतात.

काटकसर म्हटली की शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आठवतातच. १८७६ चा जन्म, अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात गाडगं. जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते कीर्तनातून बजावत. आमच्या घरातही वाचलेले पैसे त्याच वाटेनं जातात. पोरगी अमरावतीला शिकते, खोलीभाडं आणि मेस धरून. कमी भावाचं लुगडं नेसायची पाळी मात्र बायकोचीच का, हे बाबांना विचारायला पाहिजे होतं, असं माझी जाऊ म्हणते.

तिचं म्हणणं मला डाळीच्या वेळेला पटतं. घरची डाळ करायची म्हणजे तूर निवडा, तेलपाण्याचा हात लावा, रात्रभर पोत्याखाली दाबून ठेवा, तीन-चार दिवस अंगणात वाळवा, ढोरं-कोंबड्या हाकला, मग जात्यावर भरडा, पाखडा, टरफलं उडवा, राहिलेल्या गोट्याला (न फुटलेल्या दाण्याला) पुन्हा हात लावून पुन्हा भरडा. शंभर किलो तुरीतून सत्तरच्या आतबाहेर डाळ. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये होता. म्हणजे नुसत्या तुरीचीच किंमत धरली तर डाळ किलोला एकशे पंधराच्या घरात गेली. दुकानातली डाळही तेव्हा तिथेच घोटाळत होती. हा हिशेब मी कागदावर मांडून सासूबाईंना दाखवला. त्यात तुमची मजुरी धरलीच नाही, हेही सांगितलं.

‘मंग दिवसभर म्या करावं तरी काय? टीवी पाहत बसू?’ त्या म्हणाल्या.

कापूस वेचायला जाताना याच बाई किलोमागे एक रुपया कमी घेणार नाहीत. काट्यापाशी उभ्या राहून गाठोडं दोनदा तोलायला लावतात. घरच्या अंगणात बसल्या की त्यांचा दिवस फुकटाचा होतो. मी हे बोलले तेव्हा त्या काही वेळ तूरच निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, दुकानच्या डाळीचं वरण पाणी सोडते.

ह्यांचं मत सगळी तूर विकून टाकायची. मग मध्यम मार्ग निघाला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दाल मिल शेजारच्या गावात बचत गटाकडे आहे. दोन पोती तिकडे न्यायची, भरडाई द्यायची, डाळ घेऊन यायची. वरण पाणी सोडतं की नाही ते बघू. सासूबाईंनी एका अटीवर होकार दिला. चुनी मिलवाल्यांना सोडायची नाही, गाईसाठी सगळी घरी आणायची, आणि ती मोजून घ्यायला त्या स्वतः ऑटोत बसून येणार.